शोलावरमची हेरल्ड, निखळलेलं चाक आणि एक लाकडी खोका

कुळागर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. मजकूर लांब आहे आणि घरचा आहे. मामांना विचारूनच लिहितोय.

साखळीला माझ्या मामांचं घर आहे. मागच्या पडवीला लागून चिऱ्याची एक खोप आहे, पूर्वी तिच्यात सुपारी ठेवायचे. मला कळायला लागल्यापासून तिथे ताडपत्रीखाली एक गाडी उभी आहे. स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची, १९६५ सालची. आजी असेपर्यंत आम्हा पोरांना त्या खोपीत जायची बंदी होती. चवथीच्या आधी सगळं घर झाडून निघायचं, खोप तेवढी राहायची. आजी तिला गाडी म्हणायचीच नाही, 'ती' म्हणायची.

ही गाडी शर्यतीत पळालेली आहे. मामा तेव्हा मद्रासला नोकरीला होते. शहराबाहेर शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती, तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती व्हायच्या. आज श्रीपेरंबुदूरजवळ जो ट्रॅक आहे तो १९९० चा. खास रेसिंगची गाडी परवडणारे तेव्हा मूठभर. बाकीचे आपली फियाट नाहीतर हेरल्ड घेऊन यायचे, मागची सीट आणि बंपर काढून टाकायचे आणि उतरायचे. मामा आणि त्यांचे एक मित्र, तेही गोव्याचेच, दोघांनी मिळून ही हेरल्ड घेतली होती. इंजिन आणि चाकं मामांकडे, स्टिअरिंग मित्राकडे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका सरावात वळणावर मागचं उजवं चाक निखळलं आणि गाडी उलटली. मामांचे मित्र त्यात गेले.

त्याच दिवशी सकाळी ब्रेक बघायला ते चाक आणि ड्रम मामांनी उतरवला होता. गोव्यात बातमी पोचली ती अशी की हबचा, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाचा, नट मामांनी नीट आवळला नाही. मामा यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मोडकी गाडी ट्रकवर घालून अनमोड घाटातून आणली आणि खोपीत लावली. पुढे जन्मभर खाणीवरच्या टिपरांची इंजिनं उघडली, पण स्वतः स्टिअरिंगला हात लावला नाही. मित्राची बहीण फोंड्याला असते. दोन्ही घरांचं जाणं-येणं होतं, चवथीला नेवऱ्या इकडून तिकडे जायच्या. ते सगळं तेव्हा तुटलं ते तुटलंच.

मामा आता ८३ वर्षांचे आहेत. गेल्या मे महिन्यात जेवताना एकदम म्हणाले, "त्या हेरल्डचं काय होतं ते बघ रे. मी असेपर्यंत बघ."

आता गाडीबद्दल. ज्यांनी हेरल्ड जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिला वेगळी चासी असते आणि बॉडी तिच्यावर तुकड्या-तुकड्यांनी बोल्टने बसवलेली असते. बॉनेट दोन्ही पंखांसकट पुढच्या बाजूला उलटतं, मग पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. इंजिन ९४८ सीसी. ते जाम झालं होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि गिअरचं पातळ तेल सोडून तीन आठवडे तसंच ठेवलं, रोज संध्याकाळी क्रँकला पाना लावून हलक्या हाताने जोर देत राहिलो आणि एका रविवारी ते सुटलं. इंजिनाचं मला भय नाही.

भय गंजाचं आहे. पन्नास पावसाळे, चिऱ्याची ओलसर भिंत, खाली शेणाने सारवलेली जमीन. चासीचे मुख्य दांडे ठणठणीत निघाले, पण बॉडीला आधार देणारे बाजूचे हात बोटाने दाबले तर पापडासारखे तुटतात. आमच्या भागात २०१२ ला खाणी थांबल्या आणि २०१८ ला पुन्हा थांबल्या, तेव्हापासून टिपरच्या चासी शिवणारे चांगले चांगले वेल्डर मिळेल ते काम करतात. त्यांतल्याच एकांनी हे हात नव्याने बनवून दिले. दहा टनी टिपरवर आयुष्य काढलेल्या माणसाने दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर इतकं नाजूक काम केलं की मी बघत राहिलो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. छपराचा मागचा डावा कोपरा तेव्हा चेपला तो अजून तसाच आहे. डेंटर म्हणतो दोन दिवसांत सरळ करतो. माझा हात धजत नाही. आणि दुसरं म्हणजे मागच्या चाकांची रचना मूळचीच ठेवायची की बदलायची?

---

वाटसरू

वाचनखूण साठवली. फोटो टाका जमल्यास. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

चोर्ला_घाट

कुळागर, मी वाळपईचा. माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाना लावायच्या आधी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला सांग. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन घाला म्हणाली, नुसतं गाडीचं नको.

---

विंटेज_पुणे

छपराला हात लावू नका. चेपलेला कोपरा हा त्या गाडीचा दाखला आहे, एकदा हातोडी पडली की तो परत येत नाही.

जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिवाने, ट्युरिन जाहीरनामा काढला आहे. त्याचा गाभा असा की जे टिकलंय ते आधी जपा, दुरुस्ती लागेल तेवढीच करा आणि नवीन काय घातलं ते पुढच्या माणसाला ओळखू येऊ दे.

उदाहरण देतो. १९५५ च्या ले मान्स शर्यतीत ११ जूनला मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या मर्सिडीजची धडक आधी ज्या गाडीला बसली ती लान्स मॅक्लिनची ऑस्टिन-हिली १०० एस. ती नष्ट झाली नाही. दुरुस्त होऊन पुन्हा पळाली, मग कित्येक वर्षं कोठारात पडून राहिली. २०११ च्या डिसेंबरात लिलावात ती ८,४३,००० पौंडांना गेली, आणि गेली ती न चकाकवलेल्या अवस्थेत.

त्या प्रकरणातही दोष कुणाचा यावर आयुष्यं गेली. चौकशीत एकाही चालकावर ठपका ठेवला नाही. तरी मॅक्लिन आणि माइक हॉथॉर्न यांच्यातला वाद कोर्टापर्यंत पोचला, आणि निकाल लागायच्या आत जानेवारी १९५९ मध्ये हॉथॉर्न रस्त्यावरच्या अपघातात गेला. तुमच्या मामांचं वाचताना ते आठवलं.

---

मेकॅनिकल_८७

मागच्या रचनेबद्दल. हेरल्डला मागे स्विंग ॲक्सल आहे. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा भाग, चासीला पक्कं बसलेलं, त्याच्या दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, पंखांसारखे वर-खाली होतात आणि चाकं त्यांच्याबरोबर कलतात. वर एकच आडवा कमानपाटा (पट्ट्यांची स्प्रिंग). सरळ रस्त्यावर ही व्यवस्था आरामशीर असते. पण वळणात वेगात असताना ड्रायव्हरने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचा भाग वर येतो, बाहेरचं चाक गाडीखाली दुमडतं आणि पकड एका क्षणात जाते. जुन्या बीटलचा स्वभावही असाच. इंग्लंडात ट्रायम्फने, म्हणजे हेरल्डच्या मूळ कंपनीने, पुढे कमानपाट्याची बसवण्याची पद्धतच बदलली, आणि आपल्याकडे १९७२ च्या गॅझेलला, म्हणजे स्टँडर्डच्याच पुढच्या गाडीला, मागे सरळ अखंड ॲक्सल दिला.

म्हणून माझी शंका. तुम्ही लिहिता चाक निखळलं आणि गाडी उलटली. कदाचित उलटं झालं असेल. चाक दुमडलं, गाडी उलटली आणि आपटताना चाक निघालं. तसं असेल तर नटाचा संबंधच येत नाही. बघणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी झाल्यासारखं दिसतं. हबचे तुकडे कुठे आहेत?

---

कुळागर (धागाकर्ता)

चोर्ला_घाट, आईंना नमस्कार सांगा. सोमवारी गाऱ्हाणं घातलं. मामा स्वतः आले होते, नाव त्यांनीच घेतलं.

मेकॅनिकल, तुमचा प्रतिसाद मी मामांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आतल्या खोलीतून चावी घेऊन आले. गाडीची डिकी मी आजवर उघडली नव्हती, गंजून बसली असेल असं धरून चाललो होतो. ती कुलपात होती.

आत चहाचा एक लाकडी खोका. खोक्यात गोणपाट, गोणपाटात मेणकापड, मेणकापडात मागचा उजवा हब. हबच्या मधोमध शाफ्टचा तुटका बुंधा अजून अडकलेला आणि त्याच्यावर नट. गाडीकडचा दुसरा तुकडाही सोबत वेगळा गुंडाळलेला. सगळ्यावर ग्रीसचा जाड थर होता. मामांनी दर पावसाळ्याआधी तो नव्याने लावलेला आहे. पन्नास वर्षं.

रॉकेलने धुऊन उन्हात धरलं. तुटलेल्या तोंडाकडे बघितलं आणि मी तिथेच पायरीवर बसलो. तिसऱ्यांच्या शिंपल्यावर असतात ना रेषा, एकीत एक, एका टोकापासून पसरत गेलेल्या, तशा रेषा त्या लोखंडावर होत्या. तोंडाचा जवळजवळ सगळा भाग असा गुळगुळीत, रेषारेषांचा. कडेला बोटाच्या पेराएवढाच तुकडा खडबडीत, साखर फोडल्यासारखा. आणि सगळ्या रेषा जिथून निघतात ती जागा म्हणजे चावीच्या खाचेचा कोपरा. ही चावी कुलपाची नव्हे, हब शाफ्टवर फिरू नये म्हणून दोघांत बसवतात तो लोखंडी तुकडा.

नट घट्ट आहे. मीटरभर पाइप लावूनही हलला नाही.

---

टर्नर_कुडाळ

मी चाळीस वर्षं लेथवर आहे, माझे खोके अशा तुकड्यांनी भरलेले आहेत. एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नट आज हलत नाही याचा अर्थ तो तेव्हा घट्ट होता असा होत नाही. गंजलेला ढिला नटसुद्धा पाइपला दाद देत नाही.

खरं काय ते टेपर सांगेल. पुलर (भाग ओढून काढायचं अवजार) लावून हब काढा, ठोकू नका. हब आणि शाफ्ट एकमेकांना चिकटून बसतात ती उतरती बाजू भिंगाखाली बघा. नट ढिला असता तर हब शाफ्टवर हलला असता. मग टेपरवर तपकिरी-लाल भुकटी, खरवडल्याच्या खुणा, चावीच्या कडा ठोकून गोल झालेल्या आणि खाच रुंद झालेली दिसेल. नट घट्ट असेल तर टेपरवर सगळीकडे सारखा राखाडी मळकट रंग आणि चावीच्या कडा उभ्या.

आणखी एक बघा. शाफ्ट कंपनीचा आहे की बनवून घेतलेला? खाचेच्या तळाशी कोपरा गोलसर आहे की काटकोनात? आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिली शिकवण हीच, की फिरणाऱ्या शाफ्टवर धारदार कोपरा ठेवायचा नाही. तिथूनच फाटतो.

---

दाबोळी_निवृत्त

मी नौदलाच्या विमानतळावर, आयएनएस हंसावर, विमानांच्या देखभालीत होतो, आता वास्कोला असतो. टर्नर_कुडाळ यांच्या शब्दन् शब्दाला दुजोरा.

कुळागर, तुम्ही वर्णन केलंत ते थकव्याने आलेलं तुटणं आहे. एका फटक्यात शाफ्ट मोडला असता तर सगळंच तोंड खडबडीत दिसलं असतं. इथे तडा हळूहळू पुढे सरकत गेला. शेवटी शिल्लक राहिलेला भाग बोटाच्या पेराएवढा, म्हणजे शाफ्ट आधीच जवळपास आरपार गेलेला होता. मेकॅनिकल यांच्या प्रश्नाचं उत्तरही यात आहे. उलटताना आपटून तुटला असता तर या रेषा आल्या नसत्या. आधी शाफ्ट गेला.

हेरल्डमध्ये हब थेट शाफ्टवर बसतो, त्यामुळे वळणात टायर जो जोर घेतो तो शाफ्टचं बाहेरचं टोक वाकवायला बघतो. चाक फिरतं तसं ते वाकणं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. ताशी १०० किलोमीटरला या चाकाचे मिनिटाला साधारण नऊशे फेरे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण शर्यतीसाठी रिम रुंद केल्या होत्या का? बाहेरच्या बाजूला रुंद केल्या असतील तर तरफ आणखी लांब झाली.

कॉमेट ही प्रवासी जेट विमानं १९५४ मध्ये आकाशात फुटली तेव्हा इंग्लंडात फार्नबरोला अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब वर-खाली करून बघितला होता. तडे निघाले ते खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांशी. धातूला कोपरा सोसत नाही.

तुम्ही डावा शाफ्ट तपासलात का? तो घेऊन या. आमच्याकडे विमानाच्या भागांसाठी करायचो तीच रंगाची चाचणी घरी करून देतो. सामान आहे माझ्याकडे.

---

अबोली

मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण एक विचारते. मामांकडे हा पुरावा पहिल्या दिवसापासून होता. ते खाणीवर काम केलेले मेकॅनिक, त्या रेषांचा अर्थ त्यांना तेव्हाच कळला असणार. मग पन्नास वर्षं दोष अंगावर का घेतला? फोंड्याच्या त्या ताईंना एकदा तरी का दाखवलं नाही?

---

विंटेज_पुणे

अबोली, माझ्याही मनात हेच आलं. शाफ्ट जर बनवून घेतलेला असेल तर तो कुणी आणला होता?

---

पेडण्याचा_पाऊस

मध्येच थोडं व्यवहाराचं. रंगाचं काम आत्ता काढू नका. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत एवढं पाणी असतं की लॅकर रंग वाळताना दुधाळ पडतो, मग कितीही घासा, चमक येत नाही. दसऱ्यानंतर काढा. तोवर पत्रा उघडा ठेवू नका, घासला त्याच दिवशी प्रायमर. चासीच्या पोकळ दांड्यांत आतून पातळ मेण सोडा. आणि ब्रेकच्या नळ्या, रबरं सगळी नवी घाला, ऑइल जुनं अजिबात नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे हवेत पाणीच पाणी.

नोंदणीचंही बघून ठेवा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. मागे दुसऱ्या गाडीचा ॲक्सल घालायचा विचार असेल तर इथेच सोडून द्या. रोज बाजारात न्यायला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

---

मेकॅनिकल_८७

छपराबद्दल एक सुचलं. हेरल्डचं छप्पर वेगळं असतं, पुढे काचेच्या चौकटीला आणि मागे बोल्टने बसतं. चेपलेलं छप्पर आहे तसं उतरवून ठेवा आणि दुसऱ्या भंगारातल्या हेरल्डचं चढवा. कोइमतूर, चेन्नईकडे अजून मिळतात. म्हणजे काही ठोकायला नको आणि काही पुसायलाही नको.

---

कुळागर (धागाकर्ता)

उशीर झाला. मध्ये बरंच काही झालं, क्रमाने सांगतो.

टर्नर_कुडाळ, हब पुलरने काढला. दोन दिवस पुलर ताणून ठेवला, थोडं थोडं गरम केलं, तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज करून सुटला. टेपर सगळीकडे सारखा राखाडी. लाल भुकटी नाही, खरवड नाही. चावी बाहेर काढून हातात घेतली, कडा आजही नखाला लागतात. मामा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या हातात चावी दिली. त्यांनी ती अंगठ्यावर फिरवून बघितली आणि परत दिली.

शाफ्ट बनवून घेतलेला आहे. लेथच्या हत्याराच्या बारीक रेघा त्याच्यावर स्पष्ट आहेत आणि खाचेचा कोपरा सरळ काटकोनात कापलेला. रिम रुंद केलेल्या होत्या, बाहेरच्या बाजूला, दीड इंच. तो निर्णय दोघांचा होता, मामांनी स्वतः सांगितलं.

शाफ्ट कुणी आणला हे विंटेज_पुणे यांनी विचारलं आहे. मला ते माहीत आहे, आणि मी इथे लिहिणार नाही. मामांनी ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. अबोली, तुमच्या प्रश्नाला याहून जास्त उत्तर माझ्याकडे नाही.

मग डावा शाफ्ट. तो मूळचा आहे, कंपनीचे शिक्के त्याच्यावर आहेत. खाचेचा कोपराही व्यवस्थित गोलसर. गेल्या शनिवारी मामांना घेऊन वास्कोला गेलो. दाबोळी_निवृत्त यांनी अंगणात टेबल मांडून ठेवलं होतं, पांढरं धुतलेलं फडकं अंथरलेलं. शाफ्ट आधी पुसून कोरडा केला, मग त्याच्यावर लाल द्रव फवारला. पंधरा-वीस मिनिटं तसाच. तेवढ्यात काकूंनी चहा दिला. मग लाल रंग फडक्याने पूर्ण पुसून घेतला, एवढा की शाफ्ट पुन्हा जसाच्या तसा दिसायला लागला, आणि वर पांढऱ्या पावडरचा हलका थर मारला. आम्ही तिघे वाकून बघत होतो. आधी काहीच नाही. मग खाचेच्या टोकापाशी पांढऱ्यावर एक गुलाबी ठिपका उमटला. तो लांबत गेला, गडद झाला, आणि केसाएवढी लाल रेघ झाली. पाव इंचाहून थोडी जास्त.

मूळचा शाफ्ट, चांगला कोपरा, आणि तरीही तडा. रुंद रिमांनी त्यालाही खाल्लं होतं. बनवलेला आधी गेला एवढंच.

मामांनी विचारलं, "म्हणजे हासुद्धा गेला असता?"

दाबोळी_निवृत्त म्हणाले, "गेला असता. आणखी काही शर्यती आणि गेला असता."

मामांनी तो शाफ्ट पावडर न पुसता तसाच मेणकापडात गुंडाळायला सांगितला. परत येताना कुठ्ठाळीच्या पुलावर म्हणाले, गुरुवारी मला फोंड्याला ने.

---

दाबोळी_निवृत्त

मामांना माझा नमस्कार. त्या दिवशी निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

---

टर्नर_कुडाळ

चावीच्या कडा उभ्या म्हणजे विषय संपला. नट घट्ट होता. नवीन शाफ्ट करून घ्यायचा असेल तर मी एक पैसा घेणार नाही, पण माझा सल्ला असा की करू नका. इंग्लंडात ट्रायम्फच्या हौशी लोकांमुळे हे भाग आजही नवे मिळतात, चांगल्या पोलादाचे. ते मागवा, आणि रिम मूळच्या मापाच्या लावा.

---

अबोली

गुरुवारचं लिहाल का? लिहू नये असं वाटलं तर नका लिहू.

---

कुळागर (धागाकर्ता)

ताईंनी लिहायला हरकत नाही म्हटलं आहे, नावगाव घालू नको एवढंच.

मामांनी सोबत डावा शाफ्ट घेतला. उजवा खोक्यात घालून डिकीला कुलूप लावलं आणि चावी परत आतल्या खोलीत ठेवली.

ताईंचं घर देवळाच्या वाटेवर आहे. आम्ही कळवून गेलो होतो. त्यांनी ओळखलं, पण लगेच काही बोलल्या नाहीत, आत जाऊन पाणी आणि गूळ आणला. मामा खुर्चीत टेकले नाहीत, उंबऱ्याशेजारी सोप्यावरच बसले. मेणकापड उघडून शाफ्ट मांडीवर घेतला आणि सांगायला लागले. रिम आम्ही रुंद केल्या. आम्हाला वाटलं पकड वाढेल. पकड वाढली, पण जोर इथे यायला लागला, बघ, इथे. दोन्ही बाजूंना येत होता. ही बाजू शिल्लक राहिली म्हणून तुला दाखवता येते.

बनवलेल्या शाफ्टचा उल्लेख त्यांनी केला नाही. नटाचाही नाही.

ताईंनी चष्मा लावला, शाफ्ट दोन्ही हातांत घेतला. जड आहे तो, मी पुढे झालो तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. त्या लाल रेघेवरून नख फिरवून बघितलं. नखाला काहीच लागत नाही, तडा इतका बारीक आहे. पुन्हा फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "हातास लागत नाही. मग त्याला कसा कळणार?"

मामा म्हणाले, "त्यालाही नाही, मलाही नाही."

आम्ही दोन तास होतो. निघताना त्यांनी विचारलं, गाडी सुरू होते का? मी म्हटलं इंजिन होतं, अजून रस्त्यावर येत नाही. दसऱ्यानंतर रंग, मग नवे शाफ्ट, मूळच्या रिम, दुसरं छप्पर. चेपलेलं छप्पर खोपीत भिंतीला टेकवून ठेवणार आहे.

त्या म्हणाल्या, सुरू होते तर आधी मला आवाज ऐकव, रंगाचं मागाहून बघ. काल संध्याकाळी फोनवर ऐकवला. मामांनी बॉनेट उलटं करून फोन कार्बोरेटरजवळ धरला होता. मी स्टार्टर दिला. तिसऱ्या वेळी सुरू झालं, चारही सिलिंडर. मामा कान देऊन उभे होते, मग खुणेने मला म्हणाले, थोडं वर ने. नेलं. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. पाच-सात मिनिटं तसंच चालू ठेवलं, पाणी तापायला लागलं तेव्हा बंद केलं.